खाऱ्या पाण्याचा हजार लिटरचा टँक: रिटर्नला एकच मोठा डीसी पंप की दोन छोटे एसी?

दर्या_डोंबिवली:
मंडळी, 6 बाय अडीच बाय अडीच फुटी टँक ठरलाय, काठोकाठ भरला तर हजार लिटरच्या थोडं वर. फक्त मासे, प्रवाळ नाही. खाली संप, म्हणजे कपाटातली फिल्टरची टाकी, त्यात फिल्टर सॉक (गाळ अडवणारी पिशवी), स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि सिरॅमिक मीडिया (बॅक्टेरिया वसायला सच्छिद्र तुकडे). दुकानदार म्हणतो रिटर्नला, म्हणजे संपातलं पाणी परत वर टँकमध्ये ढकलायला, तासाला 10,000 लिटरचा एकच डीसी पंप (अडॅप्टरवर चालणारा, स्पीड बदलता येणारा) टाका, पाणी तासाला दहा वेळा फिरेल. मला थेट घरच्या विजेवर चालणारे दोन छोटे एसी पंप बरे वाटतात, एक गेला तरी दुसरा चालू राहील. बोला.

संपवाला:
डीसीच घ्या, यात विचार काय करायचा. हा पंप 24 तास चालतो, त्याला सुट्टी नाही. दोन एसी मिळून 120 वॅट ओढत असतील तर महिन्याला 86 युनिट नुसते रिटर्नचे. डीसीचा स्पीड 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते, आवाज कमी, माशांना खायला टाकताना पॉज करता येतो. आणि 24 व्होल्टचा असेल तर लाईट गेल्यावर बॅटरीवर चालवायची सोय असलेले मिळतात, एसीला इन्व्हर्टर आला, तोही साइन वेव्हवाला नाहीतर पंप गुरगुरतो आणि तापतो.

खारा_शेंगदाणा:
अर्धीच गोष्ट सांगताय राव. स्पीड कमी केला की पाणी उचलायची ताकद त्याच्या वर्गाने पडते. 3 मीटर हेडचा, म्हणजे पाणी फार तर 3 मीटर उंच चढवणारा, पंप 70 टक्क्यांवर चालवलात तर उरतो दीड मीटर, आणि संपपासून टँकच्या काठापर्यंतच सव्वा-दीड मीटर जातात, एल्बो-पाइपचा तोटा वेगळाच, मग वर पाणी चढणार कुठून? डब्यावरचे 10,000 लिटर हे शून्य हेडचे असतात, बघायचा तो पंपाचा ग्राफ. त्यात डीसीचा कंट्रोलर आणि अडॅप्टर खाऱ्या दमट कपाटात किती दिवस टिकणार? एसी पंपात बिघडायला आहेच काय, इम्पेलर (आतलं फिरणारं चक्र) काढा, व्हिनेगरमध्ये भिजवा, परत लावा.

संपवाला:
कंट्रोलर कपाटाच्या बाहेर लावायचा असतो हो. आणि वायरला प्लगच्या खाली झोळ द्यायचा, म्हणजे थेंब प्लगमध्ये न शिरता तिथून खाली गळतो. एवढं करायचं नाही आणि वर पंपाला नावं ठेवायची.

संत्रा_नागपूर:
वॅटवर भांडून राहिले तुम्ही, पन गर्मीचं कोन बोलनार? बुडवलेला पंप जेवढे वॅट खातो ते जवळपास सगळे शेवटी पाण्यातच उष्णता म्हणून उतरतात भाऊ. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, मग तीच उष्णता काढाले चिलर, म्हणजे पानी थंड करायची मशीन, वेगळी वीज खाते. माझं मत डीसीले.

जुनी_काच:
मला हा वादच उलटा वाटतो. दहा वेळा फिरवायचं कशासाठी? स्किमरमधून तासाला फार तर टँकभर पाणी जातं, बाकीचं संपमधून नुसतं ये-जा करतं. रिटर्न तासाला तीन ते पाच वेळा पुरतो, आतला प्रवाह वेव्हमेकरने (टँकच्या आत पाणी हलवणारा छोटा पंप) करा. वाचलेले पैसे स्किमरवर घाला, मासे जास्त म्हणजे खाणं जास्त, आणि ती घाण नायट्रेट व्हायच्या आत फेसातून स्किमरच्या वरच्या कपमध्ये निघाली तर खरा फायदा, शिवाय ऑक्सिजन मिळतो तो वेगळाच.

दोन एसी घ्यायचे तर पाइप वेगवेगळे. एकाच पाइपात जोडून चेक व्हॉल्व्हच्या (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) भरवशावर राहू नका, त्यावर क्षार बसतो आणि तो पूर्ण मिटत नाही. लाईट गेली की रिटर्नच्या नोझलपर्यंतचं पाणी खाली येतं. तुमच्या टँकचा एक इंच म्हणजे 35 लिटर, नोझल चार इंच खाली असेल तर 140 लिटर संपमध्ये, नाहीतर हॉलमध्ये! प्लंबर पितळी व्हॉल्व्ह घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. कूलरचा पंपही नको, मिठाचं पाणी सोसेल असा सिरॅमिक शाफ्टवालाच हवा.

आणि हो, समुद्रातून लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेला प्रवाळाचा दगड) उचलून आणायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. सिरॅमिक मीडियाचं ठरवलंय तेच बरोबर, फक्त बॅक्टेरिया वसेपर्यंत मासे सोडायची घाई नको.

संपवाला:
दोन पंप म्हणजे दोन भोकं, दुप्पट युनियन (पाइपचे उघडता येणारे जोड), गळायच्या जागाही दुप्पट. त्यापेक्षा एक डीसी लावा आणि एक स्वस्तातला एसी कपाटात ठेवा. पंप गेला की पाच मिनिटांत बदलून मोकळे.

दर्या_डोंबिवली:
पाच मिनिटांत, पण मी घरी असेन तर ना. सकाळी सातच्या लोकलने निघतो ते रात्री नऊला घरी, आई एकटी असते, तिला युनियन उघडायला सांगू का? दोन एसीच घेतो, वेगवेगळ्या सॉकेटवर, विजेचे चार पैसे जास्त गेले तर जाऊदेत. स्किमर दुकानदाराने सांगितल्यापेक्षा एक साइझ मोठा. काचेला भोक पाडणारा रविवारी येतोय.

जुनी_काच:
त्याच्या आधी काचवाल्याला विचारून घ्या काच टफन (तापवून कडक केलेली) आहे का म्हणून. टफनला भोक पडत नाही, ड्रिल लावलं की अख्खी काच चुरा होते. खालची काच तर कधीकधी न सांगता टफनच टाकतात.