क्षारधर्मी की आम्लारिधर्मी?

चिंचगूळ:
सातवी-आठवीच्या मुलांसाठी स्वयंपाकघरातल्या रसायनशास्त्रावर पुस्तिका लिहितेय. 'खाण्याचा सोडा क्षारधर्मी असतो, म्हणून लिंबू पिळलं की फसफसतो' असं एक वाक्य होतं. तपासणाऱ्या बाईंनी 'क्षारधर्मी' खोडून 'आम्लारिधर्मी' केलं. त्यांचं म्हणणं, बालभारतीत आम्ल (अ‍ॅसिड) आणि आम्लारी (बेस) एकमेकांना मारतात तेव्हा जो तयार होतो तो क्षार, म्हणजे मिठाच्या जातीचा. पण माझी भाची इंदूरला हिंदी माध्यमात आहे. तिच्या दहावीच्या धड्याचं नाव 'अम्ल, क्षारक एवं लवण'. तिकडे मीठ झालं लवण आणि क्षार गेला पलीकडच्या टोकाला. मग मराठीत क्षारधर्मी चालावं की नाही?

शंखभस्म:
बाई बरोबर आहेत, पण वाक्य तरीही चूक. चुन्याची निवळी सोड्याहून कितीतरी जहाल. तिच्यात लिंबू पिळून बघा, बुडबुडा येणार नाही. सोडा फसफसतो तो त्यात बायकार्बोनेट आहे म्हणून, कार्बन डायऑक्साइड सुटतो. आणि गंमत म्हणजे खाण्याचा सोडा पाठ्यपुस्तकाच्या अर्थाने क्षारच आहे, फक्त त्याचं द्रावण आम्लारिधर्मी. पीएच, म्हणजे आम्ल-आम्लारीचं माप (सात मधोमध, त्यावर आम्लारी), साधारण ८.३. धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास. म्हणून हळदीचा कागद धुण्याच्या सोड्यात चटकन लालभडक होतो, खायच्या सोड्यात जेमतेम केशरी. मुलांना दोन्ही करू द्या, पण धुण्याचा सोडा डोळ्यांत जाऊ देऊ नका.

पाटपाणी:
अहो पण मूळ अर्थ कुठला? सुश्रुतसंहितेत क्षारपाकविधी नावाचा अख्खा अध्याय आहे. वनस्पती जाळून राख, राखेचं पाणी गाळून आटवायचं, त्यात भाजलेले शंख-शिंपले घालून तीक्ष्ण क्षार करायचा. आजच्या भाषेत राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटचं चुन्याने हायड्रॉक्साइड. मूळव्याध-भगंदराला वैद्य अजून आघाड्याच्या क्षाराचं क्षारसूत्र वापरतात, ते मीठ लावलेला दोरा नव्हे! अल्कली हा शब्दसुद्धा अरबीतून आला, अर्थ राखच. क्षारला मिठाच्या ओळीत बसवणाऱ्या परिभाषावाल्यांनी हजारो वर्षांची परंपरा कापली. हिंदीवाले शहाणे.

चिंचगूळ:
मग मराठीत 'खारट' काय म्हणून? खारे वारे, खारं पाणी, खारातली मिरची, खारे दाणे. सगळीकडे मीठच की.

पाटपाणी:
खार शब्दाचा अर्थ घसरला ताई. पापडखार, जवखार, सज्जीखार, टाकणखार घ्या. यांत मीठ कुठाय?

खारुताई:
आणि मी? 🐿️

ओलावा:
तुम्ही लोक पुस्तकात भांडा. आमच्याकडे उसाला पाणी पाजून पाजून रानं बिघडली, तिथं हा फरक पैशाचा असतो. वर पांढरी खपली धरते ती क्षारयुक्त जमीन. तिथं चर काढून, भरपूर गोडं पाणी देऊन क्षार निचरून जातात. दुसरी चोपण. ओली असली की चिकट, वाळली की दगड, पाणी वर तुंबून राहतं, सामू ८.५ च्या वर. तिला नुसतं पाणी मारून उपयोग नाही, जिप्सम टाकावं लागतं, कारण मातीच्या कणाला सोडियम धरून बसलेला असतो, त्याला कॅल्शियमनं हुसकावं लागतं. 'क्षारधर्मी जमीन' कुणी म्हटलं तर कुठली समजायची? आमचा चोपण शब्द बिनचूक आहे.

चिंचगूळ:
सामू म्हणजे पीएच ना? कुठून आला हा शब्द?

ओलावा:
माती परीक्षणाच्या कागदावर तोच असतो. कुठून आला ते विचारलं नाही कधी.

शंखभस्म:
मला वाटतं 'सा. मू.' असं काहीतरी संक्षेप असावा. साम्यमूल्य वगैरे. डोकं लावलंय, पुरावा नाही.

पाटपाणी:
छे. सामुद्र! समुद्राचं मीठ. ओघाने खारेपणा.

शंखभस्म:
पीएच खारेपणा मोजतच नाही हो. सोरेनसेनने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरवाल्यांच्या पैशावर, ही मोजणी काढली ती हायड्रोजन आयनांसाठी. मिठाचं पाणी कितीही खारट करा, सामू सातच्या आसपासच राहणार.

ऱ्हस्वदीर्घ:
'आम्लारिधर्मी' बरोबर लिहिल्याबद्दल त्या तपासनीस बाईंचं अभिनंदन. अरि म्हणजे शत्रू. सुटा शब्द मराठी नियमाने 'आम्लारी', पण समासात पूर्वपदाचा ऱ्हस्व टिकतो. हरी पण हरिकथा, कवी पण कविमन. आणि मुळात 'अम्ल' हवं. आंबट, आंबील, आंबणे त्यातूनच आले.

खारुताई:
आठवीच्या पोराला अरि कुठे माहीत असतो? माझा मुलगा दोन वर्षं 'आम्ल-आरी' म्हणत होता, आरी म्हणजे करवत. बेस म्हणा ना सरळ. अ‍ॅसिडला आम्ल कोण म्हणतं, 'अ‍ॅसिडिटी झाली' असंच म्हणतो ना आपण?

ऱ्हस्वदीर्घ:
आम्लपित्त म्हणणारेही आहेत. 'बेस' म्हणाल तर तबल्याचा की खांबाचा, हे विचारावं लागेल. आम्लारी ऐकला की आम्लाशी त्याचं काय नातं ते कळतं. बेस ऐकून काय कळतं?

खारुताई:
नववीच्या पेपरात काय लिहायचं ते कळतं 😄

पाटपाणी:
इंग्रजी शाळेतल्या.

चिंचगूळ:
भांडू नका. मी वाक्य असं केलंय: 'खाण्याच्या सोड्यात लिंबू पिळलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो.' क्षार नाही, आम्लारी नाही. पुढचं प्रकरण पापडाचं आहे. पापडखार जास्त झाला तर तळताना पापड लाल का होतात?

शंखभस्म:
खाराने पीठ आम्लारिधर्मी होतं, आणि तसं झालं की डाळीतली प्रथिनं आणि साखर तापल्यावर लवकर करपट रंग धरतात. सोडा जास्त पडलेली भजी काळपटतात तेही त्याचमुळे.

ओलावा:
आमच्याकडं खार घालतच नाहीत, केळीच्या खुंटाची राख पाण्यात घोळून निवळ घेतात.

पाटपाणी:
बघा! हाच सुश्रुताचा क्षार!!

खारुताई:
पापडाला राख? कुठलं गाव हो तुमचं? आणि किलोला निवळ किती घालायची?