'ग्रिओ'ला मराठीत काय म्हणावे?

बोरूबहाद्दर: मालीची राजधानी बामाको येथील छायाचित्रकार मालिक सिदिबे यांच्यावरील टिपणाचे भाषांतर करताना 'सिदिबे हे आपल्या शहराचे ग्रिओ होते' या वाक्यापाशी मी चार दिवस अडलो आहे. ग्रिओ म्हणजे पश्चिम आफ्रिकेत घराण्यांच्या वंशावळी आणि राजांच्या गाथा तोंडपाठ गाणारे लोक. २०१७च्या हिवाळ्यात पॅरिसच्या कार्तिए प्रतिष्ठानात मी त्यांचे प्रदर्शन पाहिले होते. १९६०मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर बामाकोतली तरुण मंडळी रात्ररात्र ट्विस्ट नाचत आणि सिदिबे कॅमेरा घेऊन एका मेजवानीतून दुसरीत जात. १९६३च्या नाताळातील त्यांच्या प्रसिद्ध चित्रात मुलगा सुटात आहे, मुलगी अनवाणी आहे आणि दोघेही माना झुकवून पावलांकडे पाहत आहेत. गाणे ऐकू येत नाही, तरी ठेका कळतो. मी 'भाट' लिहिले, तर संपादकबाईंनी तो शब्द खोडला. दुसरा सुचवावा.

तिरपी रेघ: बाईंचे बरोबरच आहे. 'भाटगिरी' रूढ झाल्यापासून त्या शब्दाला खुशामतीचा वास येतो. तेराव्या शतकातील सुंदियाता राजाची गाथा आजही गाणाऱ्या या मंडळींना 'शाहीर' म्हणावे.

वहीवाला: असहमत. शाहीर कोणालाही होता येते. ग्रिओपण मात्र जन्माने येते, आणि कुयाते किंवा दियाबाते ही आडनावेच ते सांगतात. माझ्या मते जवळचा शब्द 'हेळवी' आहे. मिरजेजवळच्या आमच्या गावी सुगीनंतर बैलावर बसून हेळवी येत, अंगणात घोंगडी टाकून वही उघडत आणि आमच्या सात पिढ्यांची नावे एका दमात म्हणत. एकदा त्यांनी घेतलेले एक नाव आजोबांनी चुकीचे ठरवले, तेव्हा हेळव्यांनी शांतपणे वही पुढे सरकवली. आजोबांचेच चुकले होते. आजीने त्या वर्षी जोंधळे पायलीभर जास्त घातले.

तिरपी रेघ: पुण्यामुंबईच्या वाचकाला 'हेळवी'साठीही तळटीप लागेल. शिवाय हेळव्याकडे वही आहे, ग्रिओकडे वाद्य आणि पाठांतर.

शुद्धमती: उसने शब्द कशाला? 'वंशगायक' हा सुटसुटीत शब्द आपण घडवू शकतो.

वहीवाला: ग्रिओ लग्ने ठरवतात, भांडणे मिटवतात, प्रसंगी यजमानाला चार शब्द सुनावतातही. 'वंशगायक' यातले काय करतो?

मांडवीकाठ: मुळात 'ग्रिओ' हा शब्द त्या लोकांचा नाही. तो फ्रेंचांनी रूढ केला आणि पोर्तुगीज 'क्रियादो', म्हणजे घरचा नोकर, यावरून आला, असे एक मत आहे. गोव्यातील जुन्या घरांत 'क्रियाद' ऐकलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. उसनाच घ्यायचा, तर त्यांचा स्वतःचा 'जेली' घ्यावा. मांदिंग भाषांत त्याचा दुसरा अर्थ रक्त असा आहे.

तिरपी रेघ: 'सिदिबे हे आपल्या शहराची जेली होते' हे वाक्य वाचून लोक पाव शोधतील.

बोरूबहाद्दर: टिपणात पुढे 'अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणलेले, एकवीस तारांचे कोरा हे वाद्य' असेही आले आहे. तिथे 'भोपळा' चालेल ना?

शुद्धमती: वाद्याच्या बाबतीत 'तुंबा' म्हणावे. भोपळा भाजीचा.

वहीवाला: हे मात्र अजिबात मान्य नाही. मिरजेत तंबोरा करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या 'भोपळा'च म्हणत आले आहेत. तो पंढरपूरकडून येतो, कडू असतो आणि वाळवून मगच त्याला हत्यार लावतात. 'तुंबा' हिंदीच्या संगतीने आला.

शुद्धमती: मग 'स्वतःची तुंबडी भरणे' कुठून आले? गोसाव्याच्या हाती काय हिंदी होती?

मांडवीकाठ: तुंबडी वेगळी आणि तुंबा वेगळा. तुंबडी लावून रक्त काढणारे वैदू आमच्याकडे येत, त्यांची शिंगाची असे.

बोरूबहाद्दर: टिपण सोमवारी द्यायचे आहे. 'ग्रिओ'चे काय करू?

वहीवाला: शिंगाची ती शिंगडी, तुंबडी भोपळ्याचीच.