पुण्यात बसवलेला कृत्रिम पाय सैल झालाय, गावापर्यंत येणारी मदत मिळेल का?

राळेगाव तालुक्यातली सून:
मामाजी, म्हणजे माझे सासरे, 58 वर्षांचे आहेत, माजी सैनिक. 2002 मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या (पाकिस्तान सीमेवर फौज जमवली होती त्या) वेळी सुरुंगात उजवा पाय गुडघ्याखालून गेला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये पाय बसवला नि त्याच पायावर त्यांनी चार एकर पऱ्हाटी सांभाळली. आता पायाचा उरलेला खुंट बारीक झालाय, सॉकेट (खुंट ज्यात बसतो ती वाटी) हलतं. वावरात निघताना ते घरचाच कापूस त्यात कोंबतात. संध्याकाळी पाय काढला की तो कापूस ओला, कधी लालसर निघतो. "घाम आहे" म्हणतात. परवा पावसात काळ्या मातीत पाय रुतून बसला, तासभर धुऱ्यावर बसून होते.

पुण्याला चला म्हटलं की "वेचणी होऊ दे." तीन वर्षं हेच चाललंय. त्यात मागच्या वर्षी सेवा केंद्रावर हयातीच्या दाखल्यात गडबड झाली, दोन महिने पेन्शन थांबली. बोटांचे ठसेही उमटत नाहीत. आपल्या भागात घरी येऊन बघणारं कोणी आहे का?

निवृत्त हवालदार, हिंगणघाट:
ताई, आम्ही सात माजी सैनिक आळीपाळीने गावोगाव जातो. संस्था वगैरे नाही, आपलीच माणसं. दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, ठशांची गरज नाही. फक्त पेन्शन 'स्पर्श'वर (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन व्यवस्था) असेल, तर पेन्शन देणारी संस्था म्हणून बँक निवडू नका, 'स्पर्श – पीसीडीए' निवडा. स्पर्शवाल्यांची पेन्शन इथे अडकू शकते.

यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक असतात, ते स्वतः माजी सैनिकच. तालुक्याच्या दौऱ्याची तारीख विचारा नि डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) तयार ठेवा. पुण्याला एकटे पाठवू नका. आमच्यातला एक जण सोबत येईल.

फिजिओथेरपिस्ट, वर्धा:
कापूस आजच बंद करा. त्याचा गोळा होऊन एकाच जागी दाब येतो, तिथेच जखम होते. खुंटासाठी वेगवेगळ्या जाडीचे मोजे मिळतात. तूर्त एकावर एक घालून सैलपणा भरता येईल, पण आधी जखम भरू द्या. तोवर पाय घालायचाच नाही, कुबड्या वापरा. रोज रात्री खुंटाखाली आरसा धरून बघा. पाय काढल्यावर लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर ती घामाची नाही. शुगर तपासली आहे का? ती असेल तर एक दिवसही थांबू नका. पूर्ण पाय बदलावा लागेलच असं नाही, बरेचदा सॉकेट नवं केलं की भागतं.

राळेगाव तालुक्यातली सून:
काल रात्री आरसा धरला. मागच्या बाजूला रुपयाएवढी जखम आहे. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांचा खुंट पहिल्यांदाच बघितला, त्यांनी कधी बघूच दिला नव्हता. उद्या शुगर करून आणते. हवालदार साहेब, तुमचा नंबर मेसेजमध्ये पाठवाल का? माझं ऐकत नाहीत, फौजीचं ऐकतील.