शेततळ्याच्या प्लास्टिक कागदाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मोर्शी तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराला (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या) एप्रिल-मेचं पाणी शेततळ्यातूनच द्यावं लागतं. जुना कागद काठाला उन्हानं कडक होऊन तडकला, आता पावसाळ्याआधी नवा टाकायचा आहे. ५०० मायक्रॉन जाडीचा घ्यायचा हे ठरलंय. पण आयएस १५३५१ या भारतीय मानकाचा विणलेला, लॅमिनेटेड कागद घ्यावा की साधा फिल्मचा? आमची जमीन भारी काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात फुगते. अशा जमिनीत कोणता टिकला, ते वापरलेल्यांनीच सांगावं. विक्रेते दोन्ही चांगलेच म्हणतात.

रात्री रोही (नीलगाई) अन् रानडुकरं पाण्यावर येतात, खुरांनी उताराचा कागद फाटतो. तारेचं कुंपण करणारच, कारण ओल्या कागदावरून घसरलेलं पोर वर चढू शकत नाही. गाठी मारलेले दोरही चारही बाजूंनी सोडणार आहे, हे सगळ्यांनीच करा.

पण कागद जिथं मातीत दाबतो त्या काठच्या चरात उंदीर कुरतडतात, त्याला काय करता? आणि खाली भोक पडलं तर तळं पूर्ण न उपसता ठिगळ बसतं का?