दृक्प्रत्ययवादी निसर्गचित्राचा 'मूड' : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) निसर्गचित्रांवर लिहिताना 'मूड' सारखा आडवा येतो. 'भाववृत्ती' लिहिलं की चित्राला समुपदेशनाची गरज आहे असं वाटतं. दुसरा शब्द आहे का? आणि 'ब्रशस्ट्रोक'ला सरसकट 'फटकारा' चालेल?

– भाववृत्ती, मनःस्थिती माणसाची. चित्राला 'वातावरण' म्हणा. या पंथाचा फ्रेंच चित्रकार मोने, त्याने 1890-91 मध्ये गवताच्या गंजी पुन्हा पुन्हा रंगवल्या. विषय तोच, बदलतात प्रहर, ऋतू, हवेतला दमटपणा. उदास व्हायचं की प्रसन्न, ते बघणाऱ्याने ठरवावं.

– 'वातावरण' ठीक, पण त्यात तंत्राचा पत्ता लागत नाही. मोनेचंच 1872 चं 'इम्प्रेशन, सनराइज' घ्या. फ्रान्समधलं ल हाव्रचं बंदर करड्या-निळ्या पातळ रंगात विरघळलंय, त्यावर नारिंगी सूर्य आणि पाण्यात त्याची जाड, तुटक तिरीप. गंमत म्हणजे हा सूर्य भोवतालच्या आकाशाहून उजळ जवळजवळ नाहीच. चित्र कृष्णधवल करून पाहा, तो दिसेनासा होतो! रंग वेगळा, उजेड तेवढाच. म्हणून नजर तिथे ठरत नाही आणि सूर्य थरथरल्यासारखा वाटतो. याला मी 'प्रत्यय' म्हणेन. 'दृक्प्रत्ययवाद' या नावात तो आहेच की.

– प्रत्यय येतो बघणाऱ्याला, वातावरण असतं चित्रात. दोन्ही ठेवा, फक्त एकाच्या जागी दुसरा नको.

'फटकारा' सरसकट नको. मनगटाच्या झटक्याने ओढलेला, सुटा, जोरकस असेल तरच. वरच्या चित्रातली पाण्यावरची नारिंगी ओढ, हा फटकारा. याच पंथातल्या पिसारोच्या 1880 च्या आसपासच्या शेतांच्या चित्रांत मात्र रंगाचे बारीक तुकडे एकमेकांना खेटून बसवलेत, त्यात झटका कुठला? तिथे 'स्पर्श' लिहा. सरा या चित्रकाराचे ठिपके हा बिंदुवाद, म्हणजे नुसत्या ठिपक्यांनी रंगवण्याची वेगळी पद्धत, त्यांना यात ओढू नका. रंगाचा उंचवटा हाताला लागेल इतका असेल तर 'जाड रंगलेप'. खालचा थर वाळायच्या आत वरचा चढवला असेल तर सरळ 'ओल्यावर ओला रंग'. नवा संस्कृत शब्द पाडायची गरज नाही.

– सावलीला 'काळोखी' लिहू नका एवढंच सुचवतो. दृक्प्रत्ययवादी मंडळी सावलीत बहुतेकदा निळा-जांभळा भरतात.

– (प्रश्नकर्ता) मग वाक्य असं करतो : 'ओल्यावर ओल्या रंगाच्या छोट्या स्पर्शांनी धुक्याचं वातावरण उभं राहतं, आणि नारिंगीच्या दोन-चार फटकाऱ्यांत उगवतीचा प्रत्यय येतो.' गप्पांत मात्र 'मूड'च म्हणणार.