कृष्णधवल छायाचित्राला स्पर्धेत स्वतंत्र विभाग असावा की नसावा?

रावपुरेकर (धागालेखक) :

वडोदऱ्यातील आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक छायाचित्र-स्पर्धेत गेली काही वर्षे रंगीत आणि कृष्णधवल असे दोन विभाग असत. यंदाच्या पत्रकातून कृष्णधवल विभाग वगळला आहे आणि त्याचे कारण एका ओळीत दिले आहे : मोबाइलवर एक बटण दाबून कोणत्याही चित्रातले रंग काढता येतात, तेव्हा तो निराळा प्रकार मानण्याचे कारण उरलेले नाही. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. तो का, हे येथे मांडतो.

गेल्या दसऱ्याच्या पहाटे मी खंडेराव मार्केटबाहेर दोन कॅमेरे घेऊन उभा होतो. एकात कृष्णधवल फिल्म होती, दुसरा डिजिटल होता. हार गुंफणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईची परवानगी घेऊन मी एकाच जागेवरून दोन्ही कॅमेऱ्यांनी तिची छायाचित्रे घेतली. रंगीत चित्र वाईट नाही, पण ते पाहणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी झेंडूच्या ढिगावर जाते आणि बहुधा तेथेच थांबते, कारण तेवढ्या केशरी रंगापुढे चौकटीतल्या दुसऱ्या कशाचाही निभाव लागत नाही. कृष्णधवल चित्रात तो ढीग म्हणजे केवळ एक उजळ उंचवटा होतो आणि नजर बाईच्या हातांकडे वळते. दातांत धरलेले दोऱ्याचे टोक, अंगठ्याच्या नखात अडकलेली पाकळी, वरच्या दिव्याने सुईवर उमटलेली एक बारीक रेघ आणि मनगटाच्या शिरा, हे सारे रंगीत चित्रातही आहे, पण ते दिसावे म्हणून मला बोट दाखवावे लागते.

आपल्या शहराला तर हे नव्याने सांगावे लागू नये. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांनी १९७० मध्ये व्यवसाय सोडला, पुढे त्या वडोदऱ्यात स्थायिक झाल्या आणि २०१२ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्याच्या सुमाराची दिल्ली आपल्या डोळ्यांसमोर येते ती बरीचशी त्यांच्या करड्या छटांतून. चित्रकार ज्योती भट्ट यांनीही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खेड्यापाड्यांतील भिंतीचित्रे, रांगोळ्या आणि गोंदण यांची जी अफाट नोंद केली, तिचा फार मोठा भाग कृष्णधवल आहे. ज्या गावात अशी माणसे राहिली, त्या गावच्या मंडळाने हा प्रकार एका बटणाइतका हलका मानावा याचे मला मनापासून वाईट वाटते.

मांडवीकर :

आपले दुःख मी समजू शकतो, पण युक्तिवाद मला पटत नाही. होमाईबाईंनी कृष्णधवल छायाचित्रे घेतली, कारण त्या काळी वृत्तपत्रे कृष्णधवलच छापत असत. रंगीत फिल्म महाग होती, तिची संवेदनक्षमता कमी होती आणि ती धुण्याची सोय सर्वत्र नव्हती. परिस्थितीने जे भाग पाडले त्याला आज आपण सौंदर्यदृष्टी म्हणू लागलो, तर त्या कलावंतांवरही तो अन्यायच होईल. त्यांचे मोठेपण चौकट कशी आखली आणि क्षण कोणता पकडला यात आहे, रंग नसण्यात नाही.

त्या काळच्या लोकांना स्वतःला काय हवे होते, याचा पुरावा माझ्या घरात टांगलेला आहे. माझ्या पणजीचे एक स्टुडिओत काढलेले छायाचित्र आहे. ते मुळात कृष्णधवल, परंतु पणजोबांनी ते मुद्दाम हाताने रंगवून घेतले. शालूला हिरवा, काठाला पिवळा, ओठांना गुलाबी आणि कपाळावर कुंकवाचा लाल ठिपका. असे रंगवलेले फोटो त्या पिढीतील पुष्कळ घरांत सापडतील. करड्या छटांत जर इतके सत्य होते, तर त्यावर वेगळे पैसे मोजून लोकांनी रंग का चढवून घेतला?

शिवाय आपण दसऱ्याचे उदाहरण दिलेत. दसऱ्याच्या बाजारात झेंडू हाच मुख्य विषय आहे. आपल्या चित्रातली फुले झेंडूची आहेत की शेवंतीची, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. म्हणजे आपण नजर हातांकडे वळवलीत खरी, पण त्यासाठी सण चित्राबाहेर ठेवावा लागला.

दांडिया बाजार (निवृत्त छायाचित्रकार) :

मी तीस वर्षांहून अधिक काळ स्टुडिओत आणि डार्करूममध्ये काम केले आहे, म्हणून रंग काढण्याच्या बटणाबद्दल चार शब्द लिहितो.

मांडवीकरांच्या पणजीच्या मूळ छायाचित्रात कुंकू कसे दिसत होते, हे रंगाच्या थराखाली पाहता आले तर पाहावे. फिल्मच्या जागी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचेच्या प्लेटला निळा आणि हिरवा प्रकाश जाणवे, लाल जवळजवळ जाणवत नसे. त्यामुळे कुंकू काळे येई, ओठ गडद येत आणि निळे आकाश मात्र पांढरेफटक पडे. डार्करूममध्ये आम्ही लाल दिवा लावून काम करू शकत होतो, तेही त्याच कारणाने, कारण छपाईच्या कागदाला लाल प्रकाश दिसत नाही. पुढे पॅन्क्रोमॅटिक फिल्म आली. तिला सर्व रंग जाणवतात, म्हणून ती पूर्ण अंधारात हाताळावी लागते. थोडक्यात, कोणता रंग किती उजळ यावा हा निर्णय प्रत्येक कृष्णधवल चित्रात कोणीतरी घेतलेला असतो. कधी तो प्लेट घेते, कधी छायाचित्रकार.

भिंगावर पिवळा फिल्टर लावला की आकाश थोडे गडद होऊन ढग सुटून दिसतात, लाल लावला तर आकाश काळवंडते. रावपुरेकरांच्या त्याच झेंडूवर लाल फिल्टर लावला असता, तर ढीग जवळजवळ पांढरा आला असता आणि निळा लावला असता, तर कोळशासारखा. रंग काढण्याच्या एका नेहमीच्या सूत्रात लाल रंगाला सुमारे ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन दिलेले असते. हे वजन माणसाच्या डोळ्याला धरून ठरवले आहे आणि सर्वसाधारण कामाला ते ठीकही आहे. पण लाल काठाची हिरवी पैठणी घ्या. दोन्ही रंगांची उजळी सारखी असेल, तर या हिशोबात काठ आणि अंग एकाच करड्या रंगाचे होतात आणि काठ नाहीसा होतो. तो परत आणायचा, तर छायाचित्रकाराला ते आधी दिसावे लागते आणि लाल उजळायचा की हिरवा, हे ठरवावे लागते. मंडळाचे बटण हे ठरवत नाही.

मांडवीकर :

काका, पैठणीचे उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्याच बाजूचे नाही का? नाहीसा झालेला काठ कसरत करून परत आणायचा, त्यापेक्षा तो मुळात घालवायचाच कशाला?

चित्रकलेची विद्यार्थिनी :

मी रंगाच्या बाजूने लिहिते आहे, तरीही विभाग राहावा असे माझे मत आहे.

ज्योतीभाईंच्या छायाचित्रांचा उल्लेख आला, त्याबद्दल एक निरीक्षण नोंदवते. राजस्थानातील ‘मांडणे’ म्हणजे अंगणातील पारंपरिक नक्षी, ते गेरूने सारवलेल्या जमिनीवर खडूने किंवा चुन्याने रेखाटलेले असतात. म्हणजे विषयच मुळात गडद पृष्ठभागावरील पांढऱ्या रेषेचा आहे आणि तेथे कृष्णधवल छायाचित्र जवळपास काहीच गमावत नाही, उलट रेषेचा ओघ अधिक स्वच्छ दिसतो. मात्र छोटा उदेपूरकडे राठवा आदिवासींच्या घरांतील पिठोरा भित्तिचित्रे पाहा. भिंतभर घोडे निरनिराळ्या रंगांत रंगवलेले असतात. मी तेथील एका भिंतीची माझी छायाचित्रे घरी येऊन करड्या छटांत बदलून पाहिली, तेव्हा लाल आणि हिरवा घोडा एकमेकांत मिसळले आणि पायांचा नुसता गुंता उरला. आपल्या तांबेकर वाड्यातही तेच होईल. तेथील भिंतींवरच्या कृष्णलीला आणि महाभारतातील प्रसंग कृष्णधवल टिपणे म्हणजे चित्रकाराचे अर्धे काम पुसून टाकणे आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

म्हणून कृष्णधवल अधिक खरे आणि रंगीत वरवरचे, ही मांडणी मला मान्य नाही. रघुवीर सिंह यांनी आयुष्यभर रंगीत फिल्मवरच भारत टिपला आणि त्यांच्या चित्रांत रंग कोठेही वरून लावल्यासारखा वाटत नाही. परंतु ज्याअर्थी काही विषय करड्या छटांत उमलतात आणि काही मरतात, त्याअर्थी ही दोन निराळी कामे आहेत, आणि निराळ्या कामांचे परीक्षण एकाच रांगेत लावून करू नये.

जुना अल्बम :

आमच्या घरातील १९८० च्या दशकातील लग्नांचे रंगीत फोटो आज लालसर पडले आहेत, आणि त्याच कपाटातले आजोबांच्या वेळचे कृष्णधवल फोटो अजून स्वच्छ आहेत. हाही मुद्दा विचारात घ्यावा.

दांडिया बाजार (निवृत्त छायाचित्रकार) :

ते खरे आहे. त्या रंगीत कागदात तीन रंगद्रव्यांचे थर असत आणि अंधारात ठेवूनही त्यांतील निळसर थर पुष्कळदा आधी उडे, म्हणून चित्र लाल दिसू लागते. कृष्णधवल चित्र चांदीच्या कणांचे असते. मात्र हायपो, म्हणजे चित्र पक्के करण्याचे रसायन, नीट धुतला गेला नसेल, तर तेही पिवळे पडते. घाईच्या दिवसांत आमच्या हातूनही अशी कामे झाली आहेत आणि ती पुन्हा समोर आली, की अजून वाईट वाटते.

मांडवीकर :

टिकाऊपणाचा मुद्दा आजच्या डिजिटल चित्रांना लागू नाही, म्हणून तो बाजूला ठेवतो. विद्यार्थिनीताईंचा मुद्दा मात्र वजनदार आहे. माझा आक्षेप थोडा बदलून मांडतो. मागील वर्षीच्या कृष्णधवल विभागातील बरीच चित्रे मी पाहिली आणि त्यांत गरीब वस्ती, सुरकुतलेले चेहरे आणि पडके वाडे यांचीच गर्दी होती. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा करडा केला की त्याला आपोआप गांभीर्य येते, असा एक समज पसरला आहे. आपली फूलवाली कदाचित लाल-पिवळे लुगडे नेसली असेल आणि तिने ते सणासाठी म्हणून निवडले असेल. ती निवड आपण चित्रातून काढून घेतलीत. छायाचित्रकाराला हा अधिकार आहे, हे मान्य, पण त्याचे उत्तर त्याच्याकडे असायला हवे.

म्हणून माझी सूचना अशी : विभाग ठेवायचाच असेल, तर प्रत्येक स्पर्धकाने कृष्णधवल चित्रासोबत त्याची मूळ रंगीत प्रत जोडावी आणि रंग का काढला, हे दोन ओळींत लिहावे. परीक्षकांना तुलना करता येईल आणि बटणवाली चित्रे आपोआप गळतील.

रावपुरेकर (धागालेखक) :

लुगड्याचा प्रश्न रास्त आहे. मी आता रंगीत चित्र पुन्हा उघडून पाहिले. लुगडे गडद जांभळे आहे आणि काठ पिवळा, अगदी नवा, घडी मोडलेली दिसते आहे. फिल्मवर ते काळपट आले आहे आणि त्यावर हात उठून दिसतात, हेच मला त्या वेळी भावले होते. तिने ते सणासाठी नेसले असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही, हे मान्य करतो. पुढच्या खेपेस मोठी प्रत काढून तिला द्यायची आहे, तेव्हा दोन्ही नेईन आणि तिला कोणती हवी ते विचारीन.

आपल्या सूचनेतील दोन ओळी लिहिण्याचा भाग मला मनापासून मान्य आहे आणि तो मी मंडळाला कळवतो. मूळ रंगीत प्रतीची अट मात्र फिल्मवर काम करणाऱ्यांना लागू करता येणार नाही. दसऱ्याच्या दिवशी माझ्याकडे योगायोगाने दुसरा कॅमेरा होता, एरवी तो नसतो. माझ्या बाकीच्या चित्रांची रंगीत प्रत कधी अस्तित्वातच नव्हती. मंडळाला पुरावा हवा असेल, तर निगेटिव्हची पट्टी आणून दाखवीन.