नाशिक: अण्णांच्या शेरूसाठी डॉक्टर हवा, देवळालीकडून जवळ असेल तर उत्तम

प्रेषक: स्नेहा
मंडळी, मी इकडे ब्रिटनमध्ये आणि अण्णा तिकडे देवळालीला, म्हणून जरा घाईत लिहितेय. अण्णांचा कुत्रा शेरू कालपासून जेवत नाही, अंगात ताप आहे आणि आज सकाळी नाकातून रक्त आलं. पावसाळ्यात गोचिड्या झाल्या होत्याच. गल्लीतले डॉक्टर दोनदा येऊन इंजेक्शन देऊन गेले. कसलं दिलं ते अण्णांना सांगितलं नाही, कागदावर काही लिहूनही दिलं नाही. गंगापूर रोडला एक चांगला दवाखाना आहे असं तिघांनी सांगितलं, पण देवळाली कॅम्पहून ते शहराचं पार दुसरं टोक. नाशिकरोड, मग द्वारकेचा तो चौक, आणि अण्णा आता रात्री गाडी चालवत नाहीत. शेरू ३४ किलोचा आहे. घरी येणारा डॉक्टर शोधू की दवाखान्यातच न्यायला लावू? ज्यांनी खरंच जनावर दाखवलंय त्यांनीच सांगा.

प्रेषक: प्रसाद
स्नेहा, घरी की दवाखान्यात हा प्रश्न आज नाहीच. गोचिड्या, ताप आणि नाकातून रक्त हे तिन्ही एकत्र आलं की रक्त तपासायलाच हवं, आणि ते आजच. गोचीड ताप असेल तर प्लेटलेट्स खाली येतात, म्हणून नाक वाहतं. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा डॉक्टर मिळाला तर त्यालाच धरा. आणि अण्णांना आत्ता फोन करून सांग: घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम काहीही द्यायचं नाही. ब्रुफेनच्या जातीच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड जातं. ज्याचं रक्त आधीच थांबत नाहीये त्याला तर मुळीच नको.

प्रेषक: मंगलताई
प्रसाद म्हणतोय ते बरोबर आहे. पण नाशिकच्या जनावरांच्या डॉक्टरांची यादी मी आधीच करून ठेवली आहे, मंडळाच्या ड्राइव्हवर आहे, पिंपळगावच्या वहिनींच्या मांजराच्या वेळी सगळ्यांना पाठवलीही होती. दर वेळी नवा धागा काढून तीच विचारपूस करण्यापेक्षा त्यात भर घाला. मी प्रत्येक नाव टाकण्याआधी रात्री नऊनंतर फोन लावून बघते. उचलला नाही तर परत कधी करतात ते बघते. बोर्डावर "२४ तास" लिहिलेलं असतं आणि रात्री फोन कंपाउंडर उचलतो, "सकाळी आणा" म्हणतो. असली नावं मी यादीत ठेवत नाही.

प्रेषक: शिरीष
मी सध्या निफाडला आहे, बागेची छाटणी चालू आहे. तुम्ही सगळे कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांबद्दल बोलताय, पण नाशिकला जिल्ह्याचं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, त्याचं नाव कुणी घेत नाही. तिथे गाय-म्हैसही बघतात, कुत्रंही बघतात. खेड्यात आमच्याकडे १९६२ ला फोन केला की फिरतं पथक येतं, मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांसाठी. ते कधी लवकर येतं, कधी उशिरा, पण येणारा डॉक्टर पदवीधर असतो.

डॉक्टर चांगला की नाही हे मी एका गोष्टीवरून ठरवतो. गाईला कासदाह झाला, अँटिबायोटिक दिलं, तर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही हे तो आपणहून सांगतो का? जो सांगत नाही, त्याला मी पुन्हा गोठ्यात पाऊल टाकू देत नाही. आमच्या शेजाऱ्यांकडे एकाने सुई टोचली, पैसे घेतले आणि गेला. संध्याकाळचं दूध तसंच केंद्रावर गेलं. ते दूध लहान पोरं पितात.

दुसरी गोष्ट डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांचं मूत्रपिंड निकामी होतं. तरी लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या आणून गुरांना देत होते, म्हणून २०१५ मध्ये माणसांची कुपीही ३ मिलीवर आणली. आपल्याच जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी खाद्य ठेवण्याची जागा केली आहे. गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम मिळत असताना डायक्लोफेनॅकची बाटली काढणाऱ्याला थेट विचारा, का म्हणून.

प्रेषक: गौरी
शिरीषदादा, "पदवीधर असतो" हे सगळ्यांच्या बाबतीत धरून चालू नका. आमच्या सिन्नरला सगळे ज्यांना "डॉक्टर" म्हणतात त्यातले काही पशुधन पर्यवेक्षक आहेत, पदविका केलेले. लसी टोचणं, किरकोळ उपचार यात ते तरबेज असतात आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. आमची शेळी अडली तेव्हा तेच धावून आले होते. पण शस्त्रक्रिया, भूल, रक्ताचा अहवाल वाचणं हे साडेपाच वर्षांची पदवी असलेल्याचं काम. १९८४ च्या कायद्याने नोंदणी लागते, आपल्याकडे ती नागपूरच्या राज्य पशुवैद्यक परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात लाज कसली? माणसांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर तो छापलेलाच असतो.

प्रेषक: शिरीष
गौरी, सिन्नरचं माहीत नाही. निफाडमध्ये मी म्हटलं तसंच आहे. आणि आमच्या पर्यवेक्षकांनी गुरांच्या लम्पी त्वचारोगाच्या साथीच्या वेळी घरोघर जाऊन लसी टोचल्या हेही लिहायला हवं.

प्रेषक: स्नेहा
प्रसाद, फोन केला, गोळी दिली नव्हती, देव पावला. मंगलताई, यादी बघितली, त्यातल्या दोघांना फोन झाले. एक म्हणाले घरी येऊन रक्त घेतो, पण सलाइन लागली तर दवाखान्यातच आणा. म्हणजे गाडी पुन्हा तिथेच अडली: न्यायचा कसा? नाशिकरोडच्या बिटको चौकाच्या पुढे रिक्षावाले कुत्रा घेत नाहीत, दोघांनी नुसतं बघूनच मान हलवली. ॲपवरची टॅक्सी आली आणि रद्द करून गेली. शेजारच्यांची गाडी आहे पण त्यांच्या सुनेला कुत्र्याची भीती.

प्रेषक: प्रसाद
छोटा हत्ती टेम्पोवाला बघा. भाजी मार्केटच्या तोंडाशी उभे असतात, त्यांना कुत्र्याचं काही वाटत नाही. मागे गादी टाकायची. उचलताना काखेत हात घालून ओढायचं नाही. जाड चादर शेरूच्या पोटाखाली सरकवायची, दोन माणसांनी चारही टोकं धरायची, त्यात तो झोळीसारखा येतो. तोंडाला पट्टी बांधा, कितीही गरीब असला तरी दुखत असताना कुत्रा चावतो. पण नाकातून रक्त येतंय तोवर पट्टी घट्ट आवळू नका, आणि धाप लागली तर सोडा.

प्रेषक: अरविंदकाका
स्नेहा, देवळालीला माझा भाचा आहे, त्याच्याकडे ओम्नी व्हॅन आहे. नंबर तुला वेगळा पाठवतो. इथे सगळ्यांसमोर कुणाचेही खाजगी नंबर टाकू नयेत, ही सूचना मी मागेही केली होती. बाकी कुत्र्याला इकडे ब्रिटनला आणण्याबद्दल दोघांनी मला स्वतंत्रपणे विचारलंय, त्यासाठी कृपया वेगळा धागा काढा.

प्रेषक: गौरी
काका, वेगळा धागा काढते, पण एक गोष्ट इथेच, कारण ती डॉक्टर निवडण्याशी बांधलेली आहे. पुढेमागे जनावर ब्रिटनला आणायचं असेल तर आत्ताचाच डॉक्टर कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवणारा आणि नोंदी नीट ठेवणारा हवा. आधी चिप, मग रेबीजची लस, हा क्रम उलटला तर लस धरतच नाहीत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं, त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलीला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यायला हवं, आणि रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबायचं. आमच्या वेळी लसीच्या पुस्तकात तारीख होती, पण बॅचचा स्टिकरच चिकटवलेला नव्हता. सगळं पहिल्यापासून करावं लागलं, मोती तिकडे राहिला आणि आई त्याच्यासाठी अडकून पडली. स्टिकर, सही, शिक्का, चिपचा १५ अंकी क्रमांक हे त्याच दिवशी, तिथेच उभं राहून बघून घ्या.

प्रेषक: मंगलताई
गौरी, हा रकाना मी यादीत आजच वाढवते: "चिप बसवतात का, नोंदवही देतात का". पण मुद्दा स्नेहाचा चालला आहे. स्नेहा, रक्ताचं काय झालं?

प्रेषक: स्नेहा
काकांचा भाचा आला, दोघांनी चादरीतच उचलला. प्लेटलेट्स ४२,००० निघाल्या. गोचीड तापच आहे. नाशिकरोडच्या डॉक्टरीणबाई मंगलताईंच्या यादीतल्याच, गंगापूर रोडला जायची गरजच पडली नाही. त्यांनी अण्णांना काचपट्टी दाखवली, औषधाचं नाव मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि दोनदा बजावलं की चार दिवसांत तो उड्या मारायला लागेल, तरी डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या) गोळ्या २८ दिवस थांबवायच्या नाहीत, आणि त्या रिकाम्या पोटी द्यायच्या नाहीत. परवा पुन्हा रक्त. फी गल्लीतल्यांपेक्षा जास्त आहे, पण पावती दिली आणि कशाचे किती ते लिहिलंय. अण्णा म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला समजावून सांगितलं.

आता अंगणातल्या गोचिड्यांचं बघायचंय. फरशीच्या फटीत आणि कुंपणाच्या भिंतीवर अंडी आहेत, नुसतं कुत्र्याला औषध लावून भागणार नाही असं बाईंनी सांगितलंय. देवळालीत घरी येऊन फवारणी करणारं, आणि कुत्रा घरात असताना काय मारायचं हे कळणारं कुणी माहीत आहे का? मंगलताई, यादीत तो रकाना आहे का?

प्रेषक: मंगलताई
नाही. उद्या फोन लावते. तोवर शेरूला अंगणात सोडू नका.